वरची ओळ

मुखड्यावर जाऊ नका, निमजे म्हणतो,
मुखडा सगळ्यांनाच येते जी.
अंतऱ्यातली सगळ्यात वरची ओळ शोधा
आणि उभ्याउभ्या म्हणून पाहा.
भुवया वर गेल्या
तर समजा, गाणं आपलं नाही.

म्हणून कढीला उकळी येईस्तोवर
मी ओट्यापाशी वरची ओळ म्हणून बघते.
मे महिना. कूलर चालू.
त्याची घूंघूं नेमकी कुठल्या सुरात आहे
हे अजून कळलेलं नाही,
पण माझा खालचा सा त्यात विरघळून जातो,
म्हणजे आम्ही दोघं एकाच पट्टीतले.
वरच्या ओळीला मात्र भुवया जातात.
खिडकीच्या काचेत दिसतं सगळं,
मानेवरची ती शीरसुद्धा
जी एरवी फक्त भांडताना बाहेर यायची.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते.
ट्रंक कॉल. बोला, कुठला नंबर.
पलीकडून गोंदिया, पलीकडून बालाघाट,
सगळे म्हणायचे, साहेब, लवकर लावा,
माणूस सीरियस आहे, साहेब.
मी कधी दुरुस्त केलं नाही.
मिनिटांचे पैसे त्यांचे चालू असायचे.

रविवारी त्रिमूर्तीनगरला क्लब भरतो,
एका ट्यूशन क्लासच्या तळघरात.
फळ्यावर आदल्या दिवशीचं समीकरण
अर्धवट पुसलेलं.
हेमलता खापेकर येते मोगरा माळून
आणि तार सप्तकात अशी चढते
जशी गच्चीवर वाळवण उचलायला निघालीय,
पदर खोचून, दम न लागता.
मला तिचा राग येत नाही.
येतो. थोडा.

दिवाळीच्या कार्यक्रमात तिचंच एक गाणं
मी म्हणायला घेतलं होतं.
मुखडा छान गेला, माना डोलल्या.
मग ती ओळ आली
आणि माझा आवाज, उड्डाणपुलाच्या चढावर
पेट्रोल संपलेली स्कूटी,
आधी दोन धक्के, मग नुसती हवा.
पडद्यावरची अक्षरं मात्र
एकेक करून निळी होत पुढे गेली.
ती थांबत नाहीत कोणासाठी.

तीन पट्टी खाली घेऊ का जी, काकू?
घेतलं. ढोलकाला सर्दी झाली,
बासरीला म्हशीचा घसा आला.
वरची ओळ हाती लागली
तर मुखडा इतका खोल गेला
की माझासुद्धा पाय टेकेना.
आखूड पांघरूण, डोकं झाकलं की पाय उघडे.

मग एका रविवारी
खापेकरबाई कामठीला लग्नाला गेलेल्या,
आणि निमजेने चुकून की मुद्दाम
पुरुषाचा ट्रॅक लावला,
मूळ पट्टीत, काहीही न हलवता.
अरे, हे तर, असं म्हणेपर्यंत
सुरुवातीचं म्युझिक संपत आलं होतं.
मुखडा झाला. अंतरा झाला.
वरची ओळ कधी येते म्हणून वाट पाहत राहिले
आणि गाणं संपलं.

एकच अडचण.
गाण्यात तो म्हणतो, आलो, थांबलो,
तुझ्या दारी उभा राहिलो.
घरी मी पेन घेऊन
आलोचं आले केलं, राहिलोचं राहिले.
मात्रा तेवढ्याच. अर्थही जवळपास तोच.
पण वरच्या सुरावर ओ मोकळा सुटतो
आणि ए घसा आवळतो,
हे कढीसमोर चार वेळा तपासलं.
कागद फाडला.

पुढच्या रविवारी आलो म्हटलं.
खापेकरबाई म्हणाल्या, अगं, आले म्हण ना.
मी म्हटलं, बसत नाही.

निमजेच्या वहीत तीन रकाने आहेत,
नाव, गाणं, पट्टी.
माझ्या नावापुढे वर्षभर
उणे तीन, उणे दोन, परत उणे तीन.
आज त्याने लिहिलं, मूळ.
वही माझ्याकडे फिरवून मी दोनदा वाचलं.
मग कूलरमध्ये पाणी भरायचं होतं,
घरी गेले.