बदाम येईल तर

टॅकोमाच्या खाली, लेकवूडला, टायरच्या दुकानाशेजारचा पत्त्यांचा क्लब.
रात्रीचे दोन. फार्मसीतली माझी पाळी संपून तीन तास झाले.
हातात बदाम गुलाम, बदाम दश्शी.
टेबलावर चौकट राजा, बदाम चौकी, बदाम दुर्री,
आणि आत्ताच पडलेली इस्पिक तिर्री,
कुणाच्याच कामाची नाही.

मघाशी सोपं होतं. चौघं पैसे भरत होतो,
चौथा हिस्सा माझा, आणि तिनांत एकदा तरी बदाम येतो.
आता एकच पान उरलंय. शेहेचाळिसांत नऊ.
ड्वाइट चेक म्हणाला, नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी करत.
तुएतबाईही चेक. करंगळीच्या नखावर चकाकता खडा,
त्यावरून अंगठा फिरतोय.

आठ डॉलर. कमी नाही, जास्त नाही.
इथे धाडससुद्धा मापून मिळतं,
खोकल्याच्या औषधासारखं.

चिपळूणला आम्ही बदाम सात खेळायचो.
असलं पान की लावायचं, नसलं तर पास.
दडवलं तर आत्या पाठीत धपाटा घालायची.
नसलेलं पान लावायचं
हे कुणी शिकवलं नाही.

मी आठ सरकवले.
ड्वाइटने माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे पाहिलं.
राजा असावा त्याच्याकडे, सोबतीला कुणी फाटका,
पण टाकली पानं.
तुएतबाई तर आधीच उठली होती, सिगारेटला.

डीलरने चिपा माझ्याकडे ढकलल्या.
वरचं पान बघू का, विचारणार होते.
तो पिसायलाही लागला.