मुरण्याची वेळ

लीट्रिमच्या मातीला पाणी पचत नाही.
अहवालात असं लिहिता येत नाही, तिथे आकडे लागतात.

फूटभर लांब, फूटभर रुंद खड्डा,
आदल्या दिवशी दोनदा भिजवून ठेवलेला.
आज पाणी ओतायचं, पट्टी उभी करायची, घड्याळ दाबायचं
आणि पातळी चार इंच उतरेपर्यंत
उलट्या बादलीवर बसून राहायचं.
लग्नात कुणी विचारलं, काय करतेस,
तर मी म्हणते, पाणी कुठं मुरतंय ते बघते.
एकानं घटस्फोटाची वकील समजून नंबर घेतला.

अ‍ॅट्रॅक्टा मॅकपार्टलिनच्या खालच्या कुरणात
ते कुठंच मुरत नव्हतं.
पहिल्या खड्ड्यात सकाळचं पाणी संध्याकाळी तसंच.
दुसरा मी खणता खणताच भरला, खालून.
निळसर चिकणमाती, फावड्याला लोण्यासारखी,
आणि भोवती लव्हाळं,
ज्यानं मला गेटातूनच सांगितलं होतं.

काउंटी कौन्सिलनं दोनदा नकार कळवला.
काहल पर्थहून बायकोमुलांसकट परतलेला,
चौदा महिने आईच्या अंगणात, कॅरव्हॅनमध्ये.
घराचा नकाशा तयार. तळ्याकडे मोठी खिडकी.
फक्त संडासातून गेलेलं पुढे कुठं जाणार
एवढं ठरायचं होतं,
आणि ते ठरेपर्यंत बाकी सगळा कागद.

तिसऱ्या खेपेला म्हातारी काठी टेकत आली.
"तिला विचारलंस का?"
कुणाला?
तिनं हनुवटीनं दाखवलं : उंचवट्यावर, हॉथॉर्नच्या अलीकडे
एक लंगडी मेंढी पाय दुमडून बसलेली.
"ओल्यात बसत नाही ती. एक वेळ मी बसेन."

तिथे खणलं.
पिवळट, वाळूची, गोट्यांची,
मुठीत दाबून सोडली की सुटी होणारी माती.
पाणी ओतलं.
पट्टीवरची रेघ
हलली.
चार इंचांना छत्तीस मिनिटं.
काहलनं मला मिठीच मारली, चिखलासकट.

पण उरलेलं सांगायचं कामही माझंच.
इथे चर येतील, नळ्या, खडी.
या पट्ट्यावर घर नाही, झाड नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही.
घर खाली, गोठ्यामागे सरकेल. खिडकीतून पत्रा दिसेल.
आणि मैला पंपानं वर चढवावा लागेल.

ब्रॉन्विननं नकाशाची सुरळी केली, काही न बोलता.
अ‍ॅट्रॅक्टा मात्र हसत सुटली, ठसका लागेपर्यंत.
"माझ्या बापानं ही जागा घरासाठी राखली होती.
इथून तळं दिसतं म्हणायचा.
पैसे काही जमले नाहीत.
दिसू दे आता ज्याला दिसायचं त्याला!"

मंजुरी सोळा आठवड्यांनी आली. एकवीस अटी.
बारावी : सदर क्षेत्रास कुंपण घालावे,
जनावरे सोडू नयेत.

शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा
कुंपण नवंकोरं, तारा ताणलेल्या, फाटकाला कडी.
मेंढी आत बसली होती, रवंथ करत.
मी अंतरं मोजली, फोटो काढले
तिच्या दोन्ही बाजूंनी,
आणि सही केली.