लोण्यासारखा

गाढव नाक्याच्या उतारावर, सकाळी सहा पंचविसला,
पाण्याचा टँकर पुढे थांबला
आणि मी थांबले नाही.
पुढचा लिव्हर पाण्यात भिजल्या पावासारखा
दबत दबत मुठीला टेकला,
मागचा ब्रेक नुसता ओरडला.
चपलेनं रस्ता घासत नेला. टँकरची गळती
हेल्मेटच्या काचेवर टपटपली.
डब्यात सहा नळ्या एकमेकींवर वाजल्या,
सहा जणांचं उपाशीपोटीचं रक्त.
एकही फुटली नाही.

गाडी दोन हजार नऊची. पाटकरांकडून तेरा हजारांत घेतली,
काटा एकसष्ट हजारांवर अडकलेला.
"ब्रेक? लोण्यासारखा," म्हणाले होते.
खोटं बोलले नव्हते.

रविवारी टाकीमागे पोतं अंथरून बसले.
आधी पॅड. काचेसारखे गुळगुळीत, पॉलिश पेपरवर घासले.
मग तेल. डबीत चौथ्यांदा उकळलेला चहा.
नवं ओतताना एक थेंब टाकीवर सांडला,
पुसेपर्यंत रंग खाऊन मोकळा.
हवा काढायला माझीच वीस एमएलची सिरिंज,
खालून वर तेल ढकलत,
टिचकी मारून बुडबुडे वर आणत.
बारा वर्षं हेच तर करतेय.
नणंद वैजू मुठीपाशी उभी.
दाब. धर. सोड.
दाब. धर. सोड.
बुडबुडे संपले. मऊपणा जाईना.
कुर्ल्याच्या सावियोला फोन लावला.
"मास्टर सिलिंडर गेला, ताई. बाराशे."

बाराशे ऐकून तशीच बसून राहिले.
हात सवयीनं ब्रेकच्या नळीवर गेला,
तर्जनी आणि मधलं बोट,
म्हातारीच्या कोपरात शीर चाचपावी तसा.
डोळ्यांना नाही सापडत कधी कधी,
बोटांना सापडते.
"वैजू, मूठ आवळ."
आणि काळं रबर माझ्या बोटांखाली
फुगलं. केसभर.
सोडल्यावर मुकाट बसलं.
म्हणजे सगळा जोर इथे मुरत होता,
चाकापर्यंत पोचायच्या आधी
स्वतःला फुगवण्यात.
कुणाचं नाव घेत नाहीये,
रबराबद्दलच बोलतेय.

नळी तीनशे ऐंशी.
"तांब्याचे वॉशर नवे घ्या, चार," दुकानदार म्हणाला,
"जुन्यांवर भागवू नका, पाझरतात."

सोमवारी, तोच उतार.
दोन बोटांनी दाबलं, आणि गाडी अशी थांबली
की मागच्या रिक्षावाल्यानं आईवरून शिवी घातली.
ती ऐकत मी गरजेपेक्षा जरा जास्तच उभी राहिले.

संध्याकाळी पाटकरांना फोन केला.
भांडायला नाही, सांगायला.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही.
मग म्हणाले, "मी तर आठ वर्षं
गिअर पाडूनच थांबवायचो गं.
मला वाटलं, गाडीच तशी."