पानामागे सत्तर सेंट

डुलुथ. फेब्रुवारी. सरोवर गोठून दगड झालेलं,
लोखंडाच्या मातीची जहाजं बंदरात दावणीला.
नगरपालिकेच्या तळमजल्यावर रेडिएटर खोकतोय
आणि मी, आर्लिस हेग्डाल, सरकारी लघुलेखिका,
गुडघ्यांमध्ये यंत्र घेऊन बसलेय.
माझं मत कुणी विचारत नाही. बरंय.
मत असलं की बोटं अडखळतात.

प्रश्न असा : नागड्या फिल्मांपायी ज्या बायकांचं नुकसान झालं
त्यांना बनवणाऱ्यांवर दावा लावता यावा का.

लोर्ना किवेला उठली. मारहाणीतून पळून आलेल्यांचं घर चालवते.
"आमच्याकडे आलेल्या एकीला नवऱ्यानं
आधी पडद्यावर दाखवलं, मग म्हणाला, अस्सं.
तुम्ही ह्याला कल्पना म्हणता.
तिच्या पाठीवर ती कल्पना अजून निळी आहे."
मी टिपलं. निळी.

मग रोबर्टा सॅडलर, बायकांच्या पुस्तकांचं दुकान, मागची गल्ली.
"कायदा तुझ्या हातात राहणार नाही, लोर्ना.
तो शेरीफकडे जाईल, आणि शेरीफ आधी
माझ्याच दुकानात येईल. तुझ्याकडून पत्ता घेऊन.
बाईच्या इच्छेला कुठे तोंड फुटतंय
तोवर बोळा कोंबतात, तिच्याच भल्याचा."

दोघी तावातावानं बोलत होत्या
आणि दोघींचे कोट एकाच खुर्चीवर, एकमेकांवर.
सवयीनं टाकले असतील.

तिसरी साक्षीदार व्होंडा प्रिबिल. वय एकतीस. व्यवसाय, सध्या बेकरी.
"अकरा फिल्मा केल्या. दहांचे पैसे चोख मिळाले.
अकरावीचेही मिळाले, पण त्या दिवशी मी नाही म्हणाले होते.
ते नाही फिल्ममध्ये ऐकू येतं.
लोकांना वाटतं, काय छान काम केलंय."

लोर्नानं विचारलं, म्हणजे शोषणच ना?
"मोटेलच्या चादरी धुताना व्हायचं त्याहून कमी. दहा वेळा.
अकराव्यांदा... त्याला तुमच्याकडे शब्द असेल."
रोबर्टानं विचारलं, म्हणजे दहा वेळा तुझी मर्जी?
"भाडं थकलं होतं. त्याला मर्जी म्हणत असाल
तर लिहा मर्जी."
आणि हसली.

सभा हसली तर कंसात लिहायचं, असा नियम आहे.
साक्षीदार एकटीच हसली, तर खूण नाही.

त्या रात्री गॅरेजमध्ये गेले.
वेंडेलच्या कामाच्या बाकाखाली एक खोकं आहे,
पंधरा वर्षं मला ठाऊक असलेलं.
उघडलं नाही. आजवर उघडलं नव्हतं किळस म्हणून.
आज वाटलं, आत ओळखीचं कुणी निघालं तर?

आठवड्यानं प्रती गेल्या. दोन्ही बाजूंनी मागवल्या.
एक्केचाळिसावं पान दोघींच्या हातात पाहिलं मी :
लोर्नाच्या रेघा वरच्या अर्ध्यावर,
रोबर्टाच्या खालच्या.

मग व्होंडाच आली. नखांत पीठ.
"माझं बोलणं किती पानं?"
नऊ.
"कितीला?"
पानामागे सत्तर सेंट.
"त्या दोघींनी घेतलं?"
दोन-दोन प्रती.
"म्हणजे तुलाही माझ्यावर पैसे सुटले की."
रागानं नाही. पावाचा हिशेब करावा तशी.

घेऊन जा गं, म्हटलं, पैसे राहू देत.
तिनं सहा डॉलर तीस सेंट मोजून टेबलावर ठेवले,
शेवटची तीन नाणी एकेक करून.
"आजवर मी केलेलं काहीच माझ्या घरी नाही.
हे विकतच नेऊ दे."

उभ्यानंच चाळलं तिनं. मी हसले ते कुठेय?
त्याला खूण नसते, मी म्हटलं.
तिनं माझंच पेन उचललं, समासात काहीतरी लिहिलं,
घडी घातली, एप्रनच्या खिशात.

काय लिहिलं ते माझ्या बाजूनं उलटं दिसत होतं.
मूळ प्रतीत ते नाही.