पंचेचाळीस

हमूद म्हणतो, छज्जा नको.
सोहारच्या नव्या वसाहतीत, प्लॉट एकशे बारा,
त्याला हवंय साबणाच्या वडीसारखं घर,
कडा तासलेल्या, पांढरंफेक.
"पाऊस पडतो कुठे इथे?" असं म्हणून
तो गाडीची किल्ली माझ्या नकाशावर ठेवतो,
बरोबर दिवाणखान्यात.

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी कार्डावर तेच छापलंय.
मत देणं पगारात धरलेलं नाही.
फक्त तो ज्याला छज्जा म्हणतो
त्याला मी मनात वळचण म्हणते.

आमच्या आजऱ्याला वळचण म्हणजे घराचा खिसा.
विळा तिथे, खुरपं तिथे,
विंचरलेल्या केसांचा गुंता, पडलेला दात,
आणि आत्याचं एक पत्र, ज्याला उत्तर द्यायचं नाही
असं आईने ठरवलं होतं, पण फाडलं नव्हतं.
आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, म्हणत लोक.
इथे आढं नाही, पाणी नाही.
इथे छपरावरून ऊन ओघळतं.
माझ्या खोलीला पागोळी आहे ती एसीची:
तिसऱ्या मजल्यावरून टपटप, खाली तेलाच्या डब्यात,
आणि तेवढ्यावर साळुंक्यांची भांडणं.

झुवैना, त्याची बायको, दुसऱ्या खेपेला बोलली.
तिचं माहेर सहमचं, झापांचं घर, वाळूत.
भिंतीबाहेर हातभर झाप यायचे,
त्यांच्याखाली तिची आई तारल्या वाळवायची.
मला वाटलं, आता ही माझ्या बाजूची.
"म्हणूनच नको," ती म्हणाली.
"सावली ठेवली की कुणीतरी येऊन बसतं.
मग त्याला पाणी. मग खजूर. मग त्याचं सगळं ऐकणं."

मी तरी काय सांगणार? खरं तेवढं सांगितलं.
जूनमध्ये बाराचं सूर्यबिंब बरोबर डोक्यावर,
हातभर छज्ज्याने दक्षिणेची अख्खी भिंत झाकते.
पश्चिमेला मात्र त्याचा उपयोग शून्य,
तिथे ऊन वसुलीवाल्यासारखं येतं,
तिरपं, चपला न काढता, थेट पलंगापर्यंत.
हमूद हसला. किल्ली उचलली.
मी छज्जा पुसला.

पुढच्या महिन्यात साइटवर गेले.
तळमजला उभा होता, वरचं छत बाकी.
साडेबाराला काम बंद, तसा नियमच आहे;
बसायचं कुठे, ते नियमात नाही.
रफीकुल, येसुपादम आणि आणखी दोघं
स्लॅबबाहेर आलेल्या शटरिंगच्या फळीखाली
ओळीने, तारेवर बसल्यासारखे,
डबा मांडीवर, पाय आखडून.
हमूदचा फोन वाजला तेव्हा तो गाडीपासून लांब होता.
बोलत बोलत तो फळीखाली आला.
येसुपादम सरकला.
दहा मिनिटं तो तिथेच उभा, पाठ भिंतीला,
कुणाशी तरी टाइल्सच्या भावावरून वाद घालत.
फोन संपला तरी लगेच निघाला नाही.
वर बघितलं. फळी बघितली.
काही बोलला नाही.

बुधवारी ऑफिसात: "ऐंशीचा केला तर किती?"
सहाशे रियाल.
"चाळीसचा?"
मी म्हटलं, चाळीस म्हणजे नुसती भुवई.
पन्नास म्हटलं. तो बेचाळीसवर आला.
कोथिंबिरीसारखी घासाघीस करून पंचेचाळीसवर तुटलं.
झुवैनाची अट: फक्त दक्षिणेला. दाराशी नाही.

त्या रात्री खोलीत भिंतीला पाठ लावून
मी फूटपट्टीने स्वतःला मोजलं.
पंचेचाळीसमध्ये माणूस मावतो,
उभा राहिला तर.
बसला की गुडघे उन्हात.

सकाळी रेघ ओढली, जरा जाड.
एकास शंभरच्या नकाशात तीन सेंटिमीटर म्हणजे
पेनाची जाडी, कुणाच्या डोळ्यांत येत नाही.
शिक्का मारला, आणि रफीकुलला फोन केला:
माप धरशील ना,
रेघेच्या बाहेरच्या कडेने धर.