वहीतलं मरण

मी सात वर्षांचा असताना वारलो,
दुपारच्या वेळी, फणसाच्या झाडाखाली.
तापानं नाही, मादू नदीतल्या मगरीनंही नाही.
आईनं सांगितलं म्हणून.

गॉलच्या किल्ल्यातून कारकून आला होता.
बरोबर दुभाषी, छत्रीवाला,
आणि डोक्यावर वही घेतलेला हमाल.
थोंबो म्हणायचे त्या वहीला.
आमचं गाव तिच्यात मावत होतं:
नारळ सत्तावीस, त्यांतले फळते एकोणीस,
सुपाऱ्या बारा, भाताचा एक ओला तुकडा,
आणि फणस एक.
त्यातला निम्मा चुलतआजोबांचा, पावभाग आत्याचा,
राहिलेला पावभाग आमचा, तिघा भावांत.
"उभं झाड कसं वाटायचं?" बापानं विचारलं.
दुभाषानं हे पलीकडे पोचवलं की नाही, कोण जाणे.
कारकून हसला नाही. त्यानं अपूर्णांक लिहिला.

मग माणसं.
हिन्नी अप्पु, साल सोलणारा, चाळिशीचा,
कंपनीला दालचिनी देणं लागतो वर्षाला इतक्या कावडी.
थोरला अदिरिस, सोळा. त्याच्याही इतक्या.
मधला सादिरिस, दहा. बारा भरले की त्याचीही कावड सुरू.
"आणि तेलेनिस?"
बाप्तिस्म्याच्या यादीतून नाव आधीच पोचलं होतं माझं.
नाव त्यांनीच दिलेलं, विसरतील कसे?

"गेला," आई म्हणाली.
एवढंच. रडली नाही.
मी आत, भाताच्या कणगीत, गुडघे हनुवटीला लावून.
नावावरून ओढलेल्या रेघेचा आवाज मला ऐकू आला,
असं मी सगळ्यांना सांगत आलो.
खरं तर कानात किडा शिरला होता.

मेलेल्या माणसानं काय काय करू नये
ते मला बापानं शिकवलं.
शिरस्तेदार आला की कांदळवनात जावं.
देवळाच्या घंटेसाठी लग्न थांबवू नये.
आणि दालचिनीला हात लावू नये, कधीच,
वास धुतला जात नाही.
आमच्या घरात बिनवासाचे हात दोनच होते,
माझे.

सादिरिसला बारा भरले.
पुढं त्याचा डावा खांदा कायमचा खाली आला.
आईला मी कधी विचारलं नाही, मीच का.
त्यानं विचारलं होतं म्हणे, एकदाच.
ती म्हणाली, कणगीत एकच मावत होता.

मग एका सकाळी किल्ल्यावरचं निशाण बदललं.
डच गेले, इंग्रज आले.
वही तीच राहिली.
आत्याच्या नातवानं फणसावरून भांडण काढलं
तेव्हा नव्या साहेबानं ती मागवली, धूळ झटकली,
आणि बोट फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबलं.
तेलेनिस, मयत.
मी समोर उभा, अर्धे केस पिकलेले, पायात काटा.
"हा मीच की."
साहेब म्हणाला, साक्षीदार आण.

आई तोवर खरोखरीची गेली होती. अदिरिसही.
राहिला सादिरिस.
तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.
मग त्याचा तो खांदा जरासा हलला,
जणू ओझं या बाजूचं त्या बाजूला घेतोय.
"आमची आई," तो म्हणाला,
"खोटं बोलत नसे."

परत आलो एकाच होडीतून.
वल्ही मी मारली. त्याला कुठं जमतंय आता.

त्या वर्षीचा पहिला फणस त्यानंच उतरवला,
कोयत्याला तेल लावून फोडला,
आणि भरलेलं केळीचं पान माझ्या दारात ठेवून
न बोलता निघून गेला.
माझा हिस्सा बारावा होता, तोही आता नव्हता.
पानावर गरे त्याहून कितीतरी जास्त.
मी एक उचलला.
त्याला दालचिनीचा वास येत होता.