आतली बाजू

खैरानी रोडला, गाळा नंबर सतरात
ते मशीन आलं तेव्हा
बशीरभाई मुकादम भोवती एक चक्कर मारून म्हणाले,
ह्याला हात कुठाय?

हात नव्हताच.
दोन लोहचुंबक, मधे गरगर फिरणारी स्टीलची नळी
आणि नळीत मी चमच्यानं सोडलेली भुकटी:
लोखंडाचा चुरा, त्याला चिकटलेले धारेचे पांढरे कण,
वर चार थेंब तेल.
बटण दाबलं की भुकटी उभी राहते,
मांजर फिस्कारताना पाठ उभी राहते तशी.
नळीतलं दिसत नाही अर्थात.
आदल्या दिवशी काचेच्या नळीत करून पाहिलं होतं,
तेव्हा पोरं चुंबक म्हणायला लाजत होती
आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी आयटीआयची. मला ठाऊक
की हे स्टील चुंबकाला दाद देत नाही
म्हणून तर ओढ त्याच्यातून आरपार जाते.
लोखंडी नळी असती तर तिनंच सगळी पिऊन टाकली असती,
आतल्या कणांना काही उरलं नसतं.
हे बशीरभाईंना समजावलं.
ते म्हणाले, आमच्या दाभोळात अशी माणसं आहेत.
कुठल्यासारखी, ते नाही सांगितलं.

एकतीस वर्षं बफवर.
नखांच्या कडा हिरव्या, पॉलिशच्या साबणानं,
थुंकी कधी हिरवी, कधी काळी.
नळ, कड्या, समया, बोटीचे कठडे,
एका हॉटेलची अख्खी लिफ्ट
जिच्यात लोक अजून भांग नीट करतात.
सगळी बाहेरची बाजू.
सहा मिलिमीटरच्या भोकात कुणाचं बोट जाणार?

बारा मिनिटांनी नळी धुतली.
तोंडाशी मीटरची सुई सरकवली,
शून्य पूर्णांक शून्य सहा.
शेठनी तो आकडा कोटेशनवर गिरवला, पुन्हा गिरवला.

बशीरभाईंनी सायकलचा एक आरा काढला,
टोकाला कापूस गुंडाळला
आणि डोळे मिटून नळीतून ओढत नेला,
इतका सावकाश
की बाहेरचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला.

कापूस पांढराच बाहेर आला.
एक तंतू आला नाही.

इथं, त्यांनी नळीवर नख टेकलं. चार बोटं आत. अडकला.

सुई तिथवर पोचतच नव्हती.
काम औषधाच्या कारखान्याचं.
ओरखड्यात काय काय राहायला येतं
आणि भाडं देत नाही, हे काय सांगायचं.

उजेडाला वाट ठेवून, वीतभर लांबून
मी एका तोंडातून पाहिलं, त्यांनी दुसऱ्या.
वर्तुळात वर्तुळ, वर्तुळात वर्तुळ,
पार टोकाला काहीतरी काळं मिचकावत होतं.
अलीकडे, केसाएवढी, ती रेघ.

भुकटी बोथट झालेली, फेकून दिली.
ह्या वेळी चमचा त्यांनी घेतला.
तेल किती, ते मी सांगितलं नाही.

मशीन फिरत होतं.
मनगटातलं चावीचं घड्याळ
चुंबकाशेजारी कधी थांबलं, त्यांना कळलं नाही.
किती झाली गं, म्हणाले.
तुम्हीच सांगा.

त्यांनी झाकणाला कान लावला.
खरखर आहे अजून, म्हणाले.
थोडी.